माती चालली

जामन्याच्या वर, जिथे जीप थांबते आणि पुढे फक्त बैल जातो,
तिथल्या एका मोहाखाली मी दोन पावसाळे गुडघ्यांवर काढले.
पँटच्या गुडघ्यांना अजून कुजक्या सागाचा वास आहे.
बायको ती वेगळी धुते.

चाळणीतून पडतं ते आधी सगळं मातीच असतं.
पांढऱ्या कापडावर माती, काडी, कुठल्याशा बीचं टरफल,
आणि नबाब तडवी शेजारी उकिडवा बसून म्हणतो,
"थांबा सर. माती चालली."

खरंच, मातीचा एक कण चालत असतो.
तांदळाची कणी त्याच्यापुढे थोराड.
जरा श्वास लागला की पाय पोटाशी घेऊन मरून पडतो
आणि आपण कंटाळेपर्यंत मेलेलाच राहतो.
मी कंटाळतो. नबाब कंटाळत नाही.
बिडी न पेटवता तोंडात धरून तो बसून राहतो
आणि कण पुन्हा उठतो.

भिंगाखाली कळतं, ही मुंगी आहे.
तोंडापुढे दोन विळे, ताणून उघडे धरलेले,
आणि मध्ये एक केस, वाऱ्याहून हलका.
केसाला काही शिवलं की विळे मिटतात.
तो आवाज कुणी ऐकलेला नाही.
डोळे असून नसल्यासारखे.
सागाच्या एका पानाखाली रात्र केवढी मोठी,
तिथे डोळ्यांचं काय काम.

पुण्याहून उत्तर आलं: ओळख पटत नाही, आणखी नमुने पाठवा.
मग कॉलेजच्या व्हरांड्यात जाळीच्या पिशव्या टांगल्या,
पाचोळा वाळत गेला, ओल खाली खाली सरकली
आणि ओलीच्या मागोमाग त्या, एकेक करून,
खालच्या बाटलीतल्या स्पिरिटात.
एकेचाळीस. वहीत नोंद आहे.

लेबल नखाएवढं. गाव, तारीख, उंची, 'मोहाखालचा पाचोळा',
शेवटी गोळा करणाऱ्याचं नाव.
'न. छ. तडवी' एवढंच मावलं,
तेही मुंगीच्या चौपट लांब झालं.
नबाबने भिंगातून आधी नाव पाहिलं, मग मुंगी.

फाल्गुनात गेलो तर मोहाखालची जमीन काळी,
लख्ख, कुणी सारवून ठेवावी तशी.
राखेवर पिवळट फुलं टपटपत होती
आणि सुगराबाई, नबाबची बायको, टोपली भरत होती.
मान वर न करता म्हणाली,
"पाला जायला म्हनून फूल दिसून राह्यलं, सर.
पाल्यात हुडकत बसली तं सांज व्हते."

मला तिला सांगायचं होतं,
या झाडाच्या सावलीएवढं एक गाव होतं इथे.
पण कुठल्या तोंडाने?
तिने जाळल्या त्या तिने मोजल्या नाहीत.
मी बुडवल्या त्या मोजल्या.
आम्हा दोघांत फरक एवढाच,
आणि तोही माझ्या बाजूचा नाही.

मी नबाबकडे पाहिलं. तो झाडाच्या शेंड्याकडे पाहत होता,
तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

चहा करायचा म्हणून तो दगड आणायला गेला.
एक आणला. दुसरा आणला.
तिसरा उलथला आणि उकिडवाच राहिला.
मी लांबून पाहिलं:
दगडाखाली तळहाताएवढा पाचोळा, न जळलेला, ओलसर,
आणि त्याची बिडी, न पेटवलेली, तोंडात.
किती वेळ गेला सांगता येत नाही.
मग त्याने दगड जिथला तिथे ठेवला, हळू,
झोपलेल्या पोरावर गोधडी टाकावी तसा.

"तिसरा?" सुगराबाईने विचारलं.
"विंचू हाये खाली."

विंचवाला ती मानते. पुढे काही बोलली नाही.
एका बाजूला गुळाचा रिकामा डबा लावला,
पातेलं जरा कललं,
चहा एका अंगाने उतू गेला
आणि आम्ही तिघांनी तसाच प्यायला.